पांढरीची राखण

आमच्या गावाचं नाव पेपरात आलं ते एकदाच. त्या एका वेळेचा शीण मात्र आमच्या घराला पुढं कितीतरी वर्षं पुरला. आजही कुठं काही जुनंपुराणं सापडल्याची बातमी वाचली, किंवा टीव्हीवर कुणी तोंडाशी माइक धरून एखाद्या खड्ड्याच्या काठावर ओरडताना दिसला, की माझे पाय आधी दुखायला लागतात. लोकांना त्या बातमीत सोनं दिसतं, राजे दिसतात, आपले पूर्वज केवढे थोर होते ते दिसतं. मला आमची आई दिसते. दगडाला पाठ टेकून बसलेली, हातात फुलांचा दोरा, आणि मान छातीवर पडलेली.

आम्ही फुलं-भाजीवाले. सिन्नर रस्त्याला, दारणेच्या अंगाला आमचं रान होतं आणि रानातच घर. पुढं विटांच्या दोन खोल्या, मागं मातीच्या भिंतींचं स्वयंपाकघर. घरात दादा, म्हणजे माझे वडील, आई आणि मी. आमचा दिवस कोंबड्याच्याही आधी सुरू व्हायचा. शेवंती दहिवरात तोडली तर टिकते, म्हणून आई आणि मी अंधारातच सऱ्यांमध्ये शिरायचो. बोटं गारठून लाकडासारखी व्हायची आणि शेवंतीच्या पाल्याचा तो कडसर वास हाताला दिवसभर राहायचा, शाळेत लिहायच्या पाटीलासुद्धा लागायचा. दादा फुलांच्या पाट्यांवर ओलं गोणपाट टाकून पहिल्या एसटीनं नाशिकच्या फुलबाजारात जायचे. पाट्या टपावर चढवायच्या की आत ठेवायच्या यावरून कंडक्टरशी रोज तेच भांडण, त्याच शब्दांत, ते भांडण ऐकू आलं की आई म्हणायची, "चला, गाडी वेळेवर हाय." मग चूल. बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, आणि आदल्या दिवशी बाजारात जी खपली नाही ती भाजी. लोक म्हणायचे, भाजीवाल्यांची काय मजा आहे, रोज ताजं खायला मिळतं. आमच्या ताटात कधीही ताजी भाजी पडल्याचं मला आठवत नाही. चांगली जुडी बाजाराची आणि पिवळं पान घरचं, हा आमच्या घरचा कायदा होता.

रानाच्या मागं पांढर होती. नव्या पोरांना हा शब्दच ठाऊक नाही, म्हणून सांगते. काळी म्हणजे पिकाची जमीन, आणि पांढरी म्हणजे जिथं कधीकाळी माणसं राहिली ती जागा. माणसांची राख, शेण, भिंतींची माती असं सगळं साचून साचून तिथली जमीन राखाडी-पांढरट होते. आमची पांढर म्हणजे दारणेच्या काठाचं एक लांबट टेकाड. तिथं कोण राहत होतं, कधी उठून गेलं, हे गावात कुणी कुणाला विचारलं नव्हतं. नवरात्राच्या आधी बाया तिथून टोपलीभर माती आणून भिंती पोतारायच्या. शेतकरी तीच माती खत म्हणून वावरात टाकायचे. आणि आम्ही पोरी तिथल्या खापऱ्या ठिकरी खेळायला आणायचो. तांबड्या, वर काळ्या रेघा काढलेल्या पातळ खापऱ्या असायच्या, त्या फरशीवर टाकल्या की छान खणकन वाजायच्या. माझ्याकडं त्यातली एक अशी होती की तिच्यावर हरणाचे पाय होते. हरीण दुसऱ्या कुठल्या खापरीवर राहिलं असणार. ती मी खेळून खेळून झिजवून टाकली.

पांढरीचा आणखी एक उपयोग होता, तो मोठ्यानं बोलला जायचा नाही. दात न आलेलं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. आमच्या गावची अशी लेकरं पांढरीच्या उतारावर, करंजाच्या झाडाखाली होती. त्यात आमचंही एक होतं. माझ्यानंतर आईला मुलगा झाला होता. बारसं झालं, नाव ठेवलं, पण ते नाव कुणाच्या तोंडी बसायच्या आतच तापानं तो गेला. मी तेव्हा इतकी लहान होते की मला त्याचा चेहरा आठवत नाही. आईच्या लुगड्याच्या एका जुन्या धडप्यात गुंडाळलेलं काहीतरी दादांनी उचललं आणि ते आणि चुलते घराच्या मागच्या बाजूनं निघाले, एवढं आठवतं. बाया जात नाहीत. आईला जागाही सांगत नाहीत. सांगितली तर ती उठून तिथं जाईल, बसेल, माती उकरेल, अशी पुरुषांची समजूत. आईनं दादांचा पिच्छा पुरवला तेव्हा ते कधीतरी एवढंच म्हणाले होते, "तिथंच, मोठ्या दगडापाशी." करंजाच्या खालच्या अंगाला एक मोठा काळा दगड होता. त्यानंतर पांढरीवरून जाताना आई पाटीतलं एक फूल काढून त्या दगडापाशी टाकायची. थांबायची नाही, वाकायचीसुद्धा नाही. चालता चालता हात खाली जायचा, बस. मी विचारलं तेव्हा तिनं मला एकदाच सांगितलं आणि वर म्हणाली, "कोणाला बोलू नको."

त्या वर्षी पलीकडच्या आळीतल्या कुणीतरी मातीसाठी पांढरीला ट्रॅक्टर लावला. करंजापासून बऱ्याच लांब, टेकाडाच्या दुसऱ्या टोकाला. तिथली कड ढासळली आणि आतून दोन मोठी मडकी दिसायला लागली. आडवी, एकमेकांच्या तोंडाला तोंड लावलेली. माती काढणाऱ्यांनी आधी हात जोडले, मग नानांना बोलावलं. नाना म्हणजे आमच्या स्टँडवरचे पेपरविके, आणि पेपर विकता विकता त्याच पेपरला बातम्या पाठवणारे. त्यांच्या बातम्या आजवर विहिरीत पडलेल्या म्हशीच्या पुढं गेलेल्या नव्हत्या. हाती आलेली संधी त्यांनी सोडली नाही. प्राचीन नगरी सापडली, आणि बंद हंड्यांत काय आहे याबद्दल परिसरात उत्सुकता आहे, असं छापून आलं. उत्सुकता छापून आल्यावर निर्माण झाली, पण झाली खरी.

पुढचा रविवार मला अजून ऐकू येतो. एरवी आमच्याकडं विहिरीवरचं इंजिन, पारवे आणि लांबून जाणारा ट्रक, एवढेच आवाज. त्या दिवशी स्कूटरींची रांग लागली. नाशिकरोडहून माणसं आली, सिन्नरहून जीप भरून आली. भेळवाला आला. फुगेवाला कसा काय आला ते देवच जाणे. नाशकात जमिनीतून काहीही जुनं निघालं की ते एक तर सीतामाईचं असतं, नाहीतर पांडवांचं. दुपारपर्यंत ही सीतामाईची मडकी असल्याचं ठरलं, आणि बायांनी त्यांना हळद-कुंकू वाहिलं. संध्याकाळपर्यंत पांडवांचा पक्ष वरचढ झाला. कुणी म्हणालं, वनवासात त्यांनी सोनं इथं पुरलं आणि परत न्यायला विसरले. माणसं पांढरीवर वाटेल तिथं चढत होती, काठीनं उकरत होती, खिशात खापऱ्या भरत होती. आमच्या शेवंतीतून पायवाट पडली. दादांना त्याचं फार वाईट वाटलं नाही. त्यांनी बांधावर गोणपाट अंथरून पेरू आणि मुळे मांडले आणि नाशिकला न जाता सगळे खपवले. ते म्हणाले, "आपल्या पिढीत बाजार कधी घरी चालत आला होता काय?"

आई मात्र पहिल्या तासालाच उठली. तोडलेली फुलं, सुई, दोरा असं सगळं पाटीत घालून ती पांढरीवर गेली आणि त्या काळ्या दगडाला टेकून बसली. गजरे करायला लागली. कुणी करंजाखाली आलं की म्हणायची, "इथं नका येऊ भाऊ. इथं इच्चू-काटा लय हाय." दुसऱ्या दिवशीही ती गेली. तिसऱ्या दिवशीही. पहाटे तोडणी, मग चूल, मग धुणं, आणि मग ऊन डोक्यावर येऊन कलेपर्यंत पांढरीवर बसणं. मी शाळेतून आले की तिच्यासाठी भाकरी घेऊन जायचे. लांबून दिसायचं, ती बसल्या बसल्या झोपलेली असायची. सुई बोटांतच आणि गजरा मांडीवरून घरंगळून मातीत. माझी चाहूल लागली की दचकून ताठ व्हायची आणि म्हणायची, "झोपले नव्हते गं मी." मी काही म्हटलेलंसुद्धा नसायचं.

दादांचं आणि तिचं त्यावरून वाजलं. "तू तिथं बसून काय करती? घरची कामं पडलीत," असं ते एकदा जेवताना म्हणाले. आई भाकरी थापत होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "तुम्ही विका मुळे," एवढंच बोलली. मी दोघांच्या मध्ये बसून वांग्याचं भरीत खात होते. मला आज वाटतं, दादांनी तेव्हाच तोंड उघडलं असतं तर कितीतरी टळलं असतं. पण आमच्याकडच्या पुरुषांना बोलण्यापेक्षा पाट्या उचलणं सोपं जायचं.

मग पुरातत्त्व खात्याच्या मॅडम आल्या. शैला मॅडम. जाड सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, सारखा खोकला. बरोबर एक सहायक, एक जीप आणि पुष्कळशा दोऱ्या. गावाला वाटलं होतं, कुणीतरी साहेब येईल. या बाई आल्या आणि पहिल्यांदा पाणी मागितलं. आमचं घर पांढरीला सगळ्यात जवळ, म्हणून त्यांचं जेवण आमच्याकडं ठरलं. पहिल्या दिवशी जेवून त्या ओसरीवर भिंतीला टेकल्या आणि बोलता बोलता झोपी गेल्या. आईनं मला खूण केली, आवाज करू नको. त्या उठल्या तेव्हा ओशाळल्या आणि म्हणाल्या, "काय करू, पेपरात बातमी आली की मला पाठवतात. जिथं तिथं जाऊन हेच सांगायचं, की बाबांनो, सोनं नाहीये. कुणाचा विश्वास बसत नाही. मी चोरून नेलं असंच वाटतं लोकांना." आईला त्या आवडल्या. एक दमलेलं माणूस दुसऱ्या दमलेल्या माणसाला लगेच ओळखतं, असं मला वाटतं.

ती दोन मडकी त्यांनी फार हळू काढली. ब्रश, चमचा आणि तासन्‌तास बसणं. गर्दी कंटाळून गेली. शेवटी मडकी आमच्या ओसरीवर आणून कापसात ठेवली, आणि आत काय आहे हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. नानांनी खोदून खोदून विचारलं तर म्हणाल्या, "माती." मग त्यांनी पुढची खणाई कुठं करायची ते ठरवलं. पांढरीचा वरचा, न दुखावलेला भाग. करंजाच्या वरच्या अंगाला त्यांनी चार खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, चुना टाकला. काळा दगड खालच्या अंगाला, खुंट्या वरच्या अंगाला, मध्ये करंज. आई दगडापाशी बसून ते पाहत होती. दोऱ्या तिच्या जागेपासून लांब राहिल्या म्हणून त्या दिवशी तिनं घरी येऊन शेंगोळे केले. कुळथाच्या पिठाचे, लसूण घालून, आमटीत उकडलेले. दादांना ते फार आवडायचे. पण त्या रात्री ते दोन घास खाऊन उठले. दुसऱ्या दिवशीही जेवले नाहीत. आईला वाटलं, मुळे संपले म्हणून तोंड उतरलंय.

आता गावातली माणसं आंधळी नव्हती. ती एवढंच बघत होती की एक बाई सगळी कामं टाकून रोज एकाच दगडापाशी बसते, आणि कुणी जवळ आलं की विंचवाचं भय घालते. त्यावरून त्यांनी जो हिशेब केला तो त्यांच्या परीनं बरोबरच होता. स्टँडवर बोललं गेलं, "बाईला ठाव हाय. हंडा तिथंच हाय. नाहीतर कोण उन्हात मरतं?" हे आमच्या कानावर आलं ते नंतर. आई जेवढ्या निष्ठेनं राखण करत होती, तेवढंच ती त्या जागेकडं बोट दाखवत होती. राखण न करता घरी बसली असती तर त्या दगडाकडं कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

एका सकाळी आम्ही तोडणीहून परतलो आणि आई चूल पेटवायच्या आधी पांढरीवर एक फेरी मारायला गेली, ती परत आलीच नाही. मी बघायला गेले. काळा दगड उलथून पडला होता. त्याच्या जागी खड्डा होता, माझ्या कमरेएवढा, आणि भोवती कुदळीनं फेकलेली पांढरी माती. आई खड्ड्यात गुडघ्यांवर होती आणि दोन्ही हातांनी माती चाळत होती. रडत नव्हती. मूठ भरायची, बोटांतून सोडायची, पुन्हा मूठ भरायची. "कापड तरी," ती म्हणत होती, "कापडाचा तुकडा तरी." मी तिला हाक मारली तर तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मला ओळखलंच नाही. मला इतकी भीती आयुष्यात परत कधी वाटली नाही. माझी मुलं आजारी पडली तेव्हाही नाही.

मी ओरडत खाली पळाले. मॅडम जीपमधून उतरत होत्या. त्या माझ्या मागून चढून आल्या, धापा टाकत, खोकत. सोन्याच्या शोधातल्या लोकांनी रात्रीतून खणलंय हे त्यांना खड्डा बघूनच कळलं, पण आधी वाटलं, ही बाई त्यात पडलीय. त्यांनी हात पुढं केला. आईनं तो धरला नाही. "मॅडम," ती म्हणाली, "तुमाला माती वाचता येती. बघा ना. माझं लेकरू हाय इथं. नेलं का त्याला?"

मॅडम साडी खोचून खड्ड्यात उतरल्या आणि आईच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या. खड्ड्याच्या भिंतींवरून त्यांनी हात फिरवला, कमरेला खोचलेली छोटी थापी काढून तळ खरवडला. बराच वेळ गेला. तेवढ्यात दादा आले. बाजारातून परतताना त्यांना रस्त्यातच कुणीतरी सांगितलं असणार, कारण रिकाम्या पाट्या तशाच डोक्यावर होत्या. ते करंजापाशी थांबले. पाट्या खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

"तिथं नाय गं ते," ते म्हणाले.

आईनं वर पाहिलं.

"तिथं नाय. दगडापाशी नाय ठेवला त्याला. तू उठून जाशीन, बसशीन, म्हणून तसं सांगितलं. भाऊ म्हणला, तसंच सांगायचं असतं." मग ते मॅडमकडं वळले. त्यांचा आवाज असा निघाला की तो त्यांचा वाटेना. "वरल्या अंगाला हाय. तुम्ही दोऱ्या मारल्यात ना बाई, त्या दोऱ्यांच्या आत. मधोमध. मला चार दिस झोप नाय."

आई खड्ड्यातून उठली. मला वाटलं, आता ही दादांच्या अंगावर जाईल. तिला तेवढा हक्क होता. कितीतरी वर्षं ती चुकीच्या दगडाला फुलं टाकत आली होती. पण ती त्यांच्या जवळून तशीच पुढं गेली, करंजाला वळसा घालून दोऱ्यांपाशी. तिथली माती जशीच्या तशी होती. गवत उगवलेलं, त्यावर कुणाचा पायसुद्धा पडलेला नव्हता. सगळं गाव खालच्या दगडाकडं पळालं होतं. आई दोरीच्या बाहेर उभी राहिली, आत गेली नाही. आणि तेव्हा ती रडली, इतक्या मोठ्यानं की नदीपलीकडं ऐकू गेलं असेल. पाट्या डोक्यावर घेऊन दादाही रडत होते.

मॅडमनी खुंट्या उपटायला सुरुवात केली. सहायक धावत आला, म्हणाला, "मॅडम, सगळ्यात चांगला थर इथंच आहे." त्या म्हणाल्या, "माहितीय मला. दोरी गुंडाळ." खणाई त्यांनी टेकाडाच्या दुसऱ्या टोकाला हलवली. तिथं त्यांना चुली सापडल्या आणि खापऱ्या, फार काही नाही. त्यांच्या वरच्या लोकांना त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. मी मोठी झाल्यावर शोधायचा विचार केला होता, मग केला नाही.

त्या संध्याकाळी ओसरीवर चहा झाला. आई कापसातल्या मडक्यांकडं बघत होती. मॅडम म्हणाल्या, "वहिनी, यांत काय आहे ते मी कुणाला सांगितलं नाही. कळलं तर लोक भुताखेतांच्या गोष्टी करतील, मडकी फोडतील. पण तुम्हांला सांगते. यात एक लेकरू आहे. तुमच्या लेकरासारखंच. दात न आलेलं." त्यांनी सांगितलं की तीनेक हजार वर्षांपूर्वी इथं राहणारी माणसं लहान मूल गेलं की त्याला दोन मडक्यांत घालायची, तोंडाला तोंड लावायची आणि आपल्या घराच्या जमिनीखालीच पुरायची. ज्या खोलीत जेवायचं, झोपायचं, तिथंच खाली. शेजारी वाटीत खायला ठेवायची.

आईनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "घरातच?"

"घरातच."

"म्हंजी आईला ठाव असायचं, कुठं हाय ते."

दादा उठून गोठ्याकडं गेले. आईनं मडक्यांवरून हात फिरवला, बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि विचारलं, "आता याला कुठं न्यायचं?" पुण्याला नेणार, मग संग्रहालयात ठेवतील, असं मॅडम म्हणाल्या. "एकटं?" आईनं विचारलं. जीप निघाली तेव्हा आईनं कापसावर एक शेवंती ठेवली. मॅडमनी ती काढली नाही.

पुढं काय व्हायचं ते झालं. सोनं निघालं नाही म्हटल्यावर स्कूटरी थांबल्या, भेळवाला दुसऱ्या जत्रेला गेला आणि नाना पुन्हा म्हशींकडं वळले. खात्यानं एक निळी पाटी लावली. या जागेची नासधूस करणं गुन्हा आहे, असं काहीतरी. ती गंजली, पण तिच्यामुळं पुढं भोवतालच्या रानांचे प्लॉट पडले तेव्हा पांढर तेवढी राहिली. आई परत तिथं कधी बसली नाही. येता जाता फूल टाकायची, आता करंजाच्या वरच्या अंगाला. दादांशी ती महिनाभर बोलली नाही आणि मग एक दिवस न सांगता बोलायला लागली. दादा मात्र त्यानंतर कायमचे मऊ झाले. पाटीतलं फूल कधी कधी तेच टाकायचे.

मी लग्न होऊन नाशकात सिडकोत आले. पोरं झाली, नोकरी झाली, ज्याचं त्याचं दमणं माझ्याही वाट्याला आलं. एकदा पुतणीच्या दवाखान्यासाठी पुण्याला गेले होते. डॉक्टरांनी दुपारची वेळ दिली, मध्ये दोन तास रिकामे. रिक्षावाल्याला म्हटलं, संग्रहालयात ने. कुठलं असेल, असेल की नाही, काहीच ठाऊक नव्हतं. वरच्या मजल्यावर एका कोपऱ्यात, काचेमागं, ती होती. दोन मडकी, तोंडाला तोंड लावून. शेजारी एक छोटी वाटी. खाली पट्टी, तिच्यावर दफनाचं काहीतरी आणि आमच्या गावाचं नाव, एक अक्षर चुकलेलं. शाळेची एक सहल माझ्यासमोर आली, भराभर पुढं गेली. पोरांना तलवारी बघायच्या होत्या. मी उभी राहिले. मग बाहेर येऊन पाणी प्याले.

पुढच्या रविवारी रानात गेले तेव्हा आई ओसरीवर मेथी निवडत होती. गुडघे गेले होते तिचे, पांढरीवर चढणं बंद झालं होतं. मी तिला सांगितलं, तुझं ते मडक्यातलं लेकरू बघून आले. तिचे हात थांबले. मला वाटलं, ती विचारेल, कसं ठेवलंय, काच आहे का, लोक बघतात का. तिनं तसलं काही विचारलं नाही.

"त्याच्यापाशी कोणी बसतं का?" ती म्हणाली.

मी आठवून पाहिलं. "बसतो की. खाकी कपड्यातला एक शिपाई आहे. तिथंच खुर्ची टाकून बसलेला असतो दिवसभर." आणि मग मला हसू आलं, म्हणून सांगितलं, "पण मी गेले तेव्हा झोपला होता तो. मान अशी छातीवर."

आईनं मेथीची पुढची जुडी उचलली, देठ मोडला.

"झोपू दे त्याला," ती म्हणाली. "मी तरी काय गं. झोपायचेच की."